गुलाबी औषधाचं ढक्कन

स्वयंपाक्याला पुदिन्याची किळस येणं बरं नाही. पण मला येते. बाजारात जुडी नुसती दिसली तरी घशाच्या मागं एक गुळचट, थंडगार, खडूसारखी चव येऊन बसते. चटणीची वेळ आली की मी कोथिंबिरीवर भागवतो. हे असं काहून झालं ते सांगायचं तर खानावळीतल्या ढेकरांपासून सुरुवात करावी लागेल. वाचणाऱ्यानं जेवता जेवता वाचू नये.

खानावळ मध्य प्रदेशातल्या बालाघाटात, भरवेलीकडं जाणाऱ्या रस्त्याला. काका-काकूंच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत. काका-काकू माझ्या नात्यातले नव्हेत. काका भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीतून रिटायर झालेले, मूळ घर भंडाऱ्याकडचं, पण तीन पिढ्या इकडंच. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. जेवायला पंधरा-वीस माणसं. खाणीतल्या ठेकेदाराकडं काम करणारे, दोन-चार हापिसातले, आणि बैहरच्या रस्त्यावर जीप चालवणारा एक ड्रायव्हर, ज्याचं तोंड जीपच्या इंजिनासारखं कधी बंद पडत नसे.

जेवण झालं, हात धुतले, की ही मंडळी पुन्हा येऊन बसायची आणि काका कपाटावरून बाटली काढायचे. गुलाबी, घट्ट औषध. गॅसचं. प्रत्येकाला एक ढक्कन. ढक्कन एकच. एकाच्या ओठांतून दुसऱ्याच्या ओठांत. बाटलीच्या तोंडाशी वाळलेल्या औषधाची खपली धरलेली असायची, तिच्यात पिठाचे कण, एखादी मेलेली मुंगी. काका ती खपली अंगठ्याच्या नखानं खरवडायचे आणि अंगठा लुंगीला पुसायचे. मग परीक्षा. प्रत्येकानं जीभ दातांखाली धरून पाहायची.

"मेली का?"

"मेली काका. लाकूड झालं."

"मंग असली माल आहे."

हा नियम मेडिकलवाल्यानं घालून दिलेला. चौकातला मेडिकलवाला. पांढरा सदरा, कानात अत्तराचा बोळा. त्यानं काकांना सांगितलं होतं, जिस बोतल से जीभ सुन्न नहीं हुई, समझो डुप्लिकेट है, वापस ले आना. तेव्हापासून जीभ मरणं म्हणजे औषध लागू पडणं असं आमच्या खानावळीचं शास्त्र झालं. या औषधात मुळात बधिर करायचंच औषध घातलेलं असतं, दाढ काढताना सुईतून देतात त्याच जातीचं, हे आमच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हतं. जीभ मेली की माणसं पोट चोळत बसायची, आणि ढेकर आली की एकमेकांना टाळ्या द्यायची. ड्रायव्हरची ढेकर रस्त्यापर्यंत ऐकू जायची. "निकल गई! बैहर घाट का हॉर्न है ये," तो म्हणायचा. मी आत भांडी घासता घासता श्वास धरून ठेवायचो. कांद्याचा, पुदिन्याचा आणि माणसाच्या पोटातला वास एकत्र झाला की कसा होतो ते मी लिहीत नाही.

पण तिथून उठून जाण्याची माझी ताकद नव्हती, ती का नव्हती ते आता सांगतो.

माझं गाव बुलढाणा जिल्ह्यात, मेहकरकडं. शाळा सातवीत सुटली. सोडली म्हणत नाही, सुटली. बारदानावर झोपत, लग्नाच्या पंगतींत भांडी घासत, मग कणीक मळत, मग कढईसमोर उभा राहत मी आचारी झालो. एका लग्नाच्या कामाला आमची टोळी इतक्या दूर, बालाघाटला आली, आणि तिसऱ्या दिवशी मला हुडहुडी भरली. मलेरिया. टोळीवाले काम उरकून निघून गेले. मला त्यांनी रस्त्यालगतच्या एका ओसरीत टाकलं होतं. ती ओसरी काकांची. काकांनी सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याशी एक अनोळखी माणूस थरथरतोय. दुसरा कोणी असता तर त्यानं पोलिसाला बोलावलं असतं. काकांनी काकूला हाक मारली, "अवो, घोंगडी आन."

दोन आठवडे त्या बाईनं मला कोदोच्या भरडधान्याची पेज पाजली. ओकलेलं उचललं. मी बरा झाल्यावर काका म्हणाले, "जातोस कुठं? आमच्या बाईचे गुडघे गेले आता. चूल सांभाळशील का?" मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. हे सगळं घडलं तोवर सहा वर्षं मी त्या घरात होतो, मागच्या खोलीत झोपत होतो, आणि रोज सकाळी उठल्यावर पहिला विचार हाच यायचा की आज मला जा म्हणाले तर मी कुठं जाऊ. भीतीची सवय अशी असते की तिला कारण लागत नाही. काकू हसली तरी मला वाटायचं, का हसली असेल.

त्या भीतीपोटीच मी एक घाण काम करत होतो.

संध्याकाळी भजी, आलूबोंडे तळले की कढईत तेल उरायचं. ते फेकायला पाहिजे, निदान दोनदा तळल्यावर तरी. मी फेकत नव्हतो. गाळून एका ॲल्युमिनियमच्या डब्यात ठेवायचो आणि सकाळच्या भाजीला, डाळीच्या फोडणीला तेच वापरायचो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते तेल काळं, दाट, काकवीसारखं व्हायचं. तापलं की फेस यायचा, धूर डोळ्यांना झोंबायचा, तळाशी जळकी राळ बसायची. मसाला जास्त घातला की वास दबतो. भाजीवरची तेलाची तर्री लालभडक केली की काळेपणा दिसत नाही. हे मी टोळीत शिकलो होतो. काकू शेजारणीला सांगायची, "याच्या हाताले बरकत आहे वो, तेलाचा पिपा सरतच नाही." हे ऐकायसाठी मी ते करत होतो. बस, तेवढ्यासाठी. ती तसं बोलली की मला दोन दिवस निर्धास्त झोप लागायची.

म्हणून काकांच्या छातीत जेव्हा पहिल्यांदा दुखलं तेव्हा मी गारठलो.

काका रोज सकाळी चहाच्या आधी सायकलवर दुधाला जायचे. जुन्या कॉलनीकडं चढ आहे. एकदा ते परत आले ते छातीच्या मधोमध मूठ धरून. "भरून आलतं," म्हणाले, "जसं काही दगड ठेवला." ओसरीवर टेकले, एक ढक्कन औषध घेतलं, जीभ चावून पाहिली, ढेकर दिली. "गेलं. गॅस होती."

काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन माझ्याकडं पाहत म्हणाली, "तर्री कमी कर बाप्पा. म्हाताऱ्याच्या जीवावर उठला का तू?"

ती थट्टेत म्हणाली. मला मात्र डब्यातलं काळं तेल काकांच्या छातीत खदखदताना दिसलं. त्या दिवशी मी मिरची निम्मी केली. तेल तेच ठेवलं. तेल बदललं असतं तर पिपा लवकर संपला असता, आणि काकूनं विचारलं असतं, आता काहून संपते? म्हणजे आजवर कसं पुरत होतं?

दुखणं आठवड्यातून दोनदा, मग रोज व्हायला लागलं. बाटल्या वाढल्या. काका एक बाटली पायजम्याच्या खिशात ठेवू लागले. कधी मीच त्यांना ढक्कन भरून द्यायचो. ढक्कन जास्त भरलं तर गुलाबी थेंब माझ्या बोटांवर सांडायचा, चिकट, आणि मी तो चुलीच्या राखेत पुसायचो. काका ढेकर देऊन म्हणायचे, "तुया हातचं औषध लवकर लागू पडते," आणि मला त्या कौतुकाची शिसारी यायची. तरीही दुसऱ्या दिवशी मी ढक्कन भरायला पुढं असायचो.

मग संकष्टी आली. काका चतुर्थीला चंद्र दिसेपर्यंत पाणीसुद्धा मोजकं पीत. आदल्या रात्री त्यांनी नुसतं दूध घेतलं होतं. मीच दिलं होतं. त्या सकाळी मला भाजी आणायची होती, म्हणून मी त्यांच्या सायकलीबरोबर चालत निघालो. चढावर निम्म्यात ते उतरले. चेहरा राखेसारखा. मूठ छातीवर. जबड्याला हात लावून म्हणाले, "दाढ पण दुखते लेकाची." खिसा चाचपला. बाटली घरी राहिली होती.

"मी पळत आणतो काका."

"थांब. बसू दे."

ते तिथल्या लहान पुलाच्या कठड्यावर बसले. मी समोर उभा राहून नुसता पाहत होतो. ना औषध, ना ढेकर. चार-पाच मिनिटं गेली. चेहऱ्यावर रंग परत आला. "गेलं," ते म्हणाले, आणि त्यांनाच जरा नवल वाटलं. मग सायकल हाती धरून ते हळूहळू चढ चढले.

शाळा सातवीपर्यंत झालेल्या माणसालाही तेवढं कळतं. पोटात काही नव्हतं. माझं तेल नव्हतं, मिरची नव्हती, बोंडे नव्हते. दुखणं चढावर आलं आणि बसल्यावर गेलं. औषधाशिवाय गेलं. त्यांनी काय खाल्लं, काय नाही, हे या जगात एकाच माणसाला पक्कं माहीत होतं, आणि तो माणूस मी होतो.

आता जे लिहितो ते लिहायला मला कित्येक दिवस लागले.

मी गप्प बसलो. पुलावरून घरी येईपर्यंत मी मनात तोललं. गॅस असली तर दोष माझ्या तेलाचा, पण खानावळ चालू राहते, मागची खोली राहते. हृदय असलं तर मी निर्दोष, पण काका अंथरुणाला खिळणार, काकूला गुडघ्यांमुळं उभं राहवत नाही, खानावळ बंद, आणि मी पुन्हा कुठल्यातरी ओसरीत. ज्या माणसानं मला उंबऱ्यावरून उचललं त्याच्या छातीचा मी असा विचार केला. दोन पारडी धरून. आणि गॅस निवडली. घरी पोचल्या पोचल्या बाटली आणून त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, "काका, हे खिशात ठेवत जा बरं, विसरू नका."

माझ्याबद्दल मला जेवढी किळस आहे त्यातली बरीचशी या एका वाक्याची आहे.

त्यानंतर एकदा, मलाच छातीत जळजळल्यासारखं झालं. भीतीनं असेल. मी कोणी नसताना एक ढक्कन घेतलं. त्या दिवसापर्यंत मी ते कधी तोंडात घातलं नव्हतं. आधी पुदिना, मग खडू, मग जीभ जाड होत गेली, गाल गेले, घसा गेला. गिळलेलं समजेना. डाळ उतरवायची वेळ झाली होती. मी चमच्यानं चाखली. काही लागेना. मीठ घातलं, पुन्हा चाखली. काही नाही. आणखी घातलं.

पंगत बसली आणि ड्रायव्हरनं पहिला घास थुंकला. "महाराज, समुंदर उठा लाए क्या?" बाकीचे हसले. हापिसातला एक ताट सरकवून उठून गेला. काकूनं डाळ चाखली आणि माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, हात घसरला.

हात नव्हता घसरला. माझी जीभ खोटं बोलली होती. डाळीत मीठ भरपूर होतं, फक्त मला कळत नव्हतं. हे मी भांडी घासताना कितीदा तरी मनात घोळवलं. स्वयंपाक्याची जीभ म्हणजे त्याचं भांडवल, ती मेली तर डाळ सुधारत नाही, नुसतं कळायचं बंद होतं. मग काकांच्या आत काय चाललंय? त्यांना बरं वाटतंय, की नुसतं कळायचं बंद झालंय? आणि तरीही, हे एवढं उमगूनही, मी आणखी तीन आठवडे ढक्कन भरत राहिलो.

ज्या सकाळी ते घडलं त्या सकाळी तांदळाचं पोतं आलं होतं. ड्रायव्हर जीपमधून उतरवत होता आणि काकांनी, मी थांबा म्हणेपर्यंत, एक टोक धरलं. पोतं ओसरीवर आलं आणि काका त्याच पोत्यावर बसले.

घाम. असा घाम मी भट्टीसमोरसुद्धा पाहिला नाही. बनियन अंगाला चिकटला, कपाळावरून धारा. डावा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला.

"बाटली," ते म्हणाले.

मी दिली. त्यांनी ढक्कन टाकून दिलं आणि बाटलीच तोंडाला लावली. गुलाबी ओघळ हनुवटीवरून गळ्यावर. ड्रायव्हर हसत होता, "काका, पार्टी है क्या आज?" मग त्यानं त्यांचा चेहरा पाहिला आणि जीपची चावी काढली.

"जीभ मेली," काका म्हणाले. शब्द बोबडे येत होते. "घसा मेला. आता... आता उतरते." त्यांनी ढेकर दिली. मोठी, पुदिन्याची. आणि आमच्याकडं पाहून मान डोलावली, की झालं. पण घाम थांबला नव्हता. हात तसाच पडला होता. काकू आतून ओरडली, "गॅस आहे, ओवा दे त्यायले!"

"नाई काकू," मी म्हणालो. "ही गॅस नाई."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. सहा वर्षांत मी त्या बाईला पहिल्यांदा नाई म्हणालो होतो.

जीपमध्ये पुढच्या सीटवर काका, मागं काकू आणि काकांना मागून धरलेला मी. सरकारी दवाखान्यापर्यंत दहा मिनिटं लागली असतील. वाटेत ते ओकले. सगळं गुलाबी. माझ्या हातांवर, सीटवर, गिअरवर. ड्रायव्हर नुसता हॉर्न वाजवत होता. मी ओंजळीत धरलेलं ते घेऊन बसलो होतो, कोमट, आणि वाटत होतं, पी आता. तूच पाजलं आहेस.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी काकांना झोपवलं आणि विचारलं, "क्या हुआ बाबा?"

"गॅस," काका म्हणाले. "मेरे को छह महीने की पुरानी गॅस है. दवा से आराम पडता है."

"कौनसी दवा?"

मी बाटली पुढं केली. चिकट, खपली धरलेली. त्यांनी ती दोन बोटांत धरून वाचली.

"आराम पडला म्हणून हे सहा महिने घेत होते?" त्या आता मराठीत बोलल्या. बहुतेक गोंदियाकडच्या असाव्यात. "अहो, यात बधिर करायचं औषध आहे. ॲसिडिटीला आम्हीही देतो, औषध वाईट नाही. पण यानं छातीत बरं वाटलं म्हणजे हृदय ठीक आहे असं नसतं. कधी दुखतं नेमकं?"

"जेवणानंतर," काका म्हणाले.

"हा पोट्टा तिखट घालते डॉक्टर," काकू म्हणाली. "याच्या तर्रीनंच झालं."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं पाहिलं. पलीकडं नर्स काकांच्या छातीला तारा चिकटवत होती. आणि मी बोललो. एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता येईना. "जेवणानंतर नाई डॉक्टर. चढावर दुखते. सकाळी, चहाच्या आधी. चतुर्थीला पोटात काही नव्हतं तरी दुखलं. जबडा पण दुखला. पुलावर बसले, औषध नव्हतं, तरी पाच मिनिटांत गेलं. मी होतो. मी पाहिलं. आणि तेल... तेल मी काळं वापरतो, रोजचं तळणीचं, मीच वापरतो, काकूले माहीत नाई..."

"तेलाचं नंतर," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे मशीनमधून निघणाऱ्या कागदावर होते. त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी काकांना जिभेखाली एक गोळी ठेवायला लावली, दुसरी चावायला दिली, आणि नर्सला भराभर काहीतरी सांगितलं. मग काकूकडं वळून म्हणाल्या, "मावशी, हार्टचं आहे. चढावर दुखत होतं ते पण हार्टचंच. आज अटॅक आलाय. इथं सुरुवात करते, पण नागपूरला न्यावं लागेल."

काकू खाली फरशीवर बसली. आणि तिनं पहिल्यांदा विचारलं ते मला.

"काळं तेल?"

काकांना ॲम्ब्युलन्समधून नागपूरला नेलं. रक्तवाहिनीत स्प्रिंग बसवली. काकूबरोबर तिचा भाऊ गेला. मी मागं राहिलो. खानावळीचं दार लावलेलं. मी तो ॲल्युमिनियमचा डबा मागच्या नालीत उपडा केला. राळ निघेना. सुरीनं खरवडून काढली. कपाटावर तीन रिकाम्या बाटल्या होत्या. त्या उचलताना बोटं चिकटली, आणि मी नालीच्या कडेला बसून पोटात काही नसताना ओकलो. मेडिकलवाला येता-जाता विचारायचा, "बाबा की तबीयत कैसी है? नया स्टॉक आया है, ले जाना." तोच बोळा, तेच हसू. त्याला काही बोलावं असं वाटायचं, पण काय बोलणार. त्यानं विकलं. पाजलं मी.

मी पळून जायचा विचार केला नाही असं नाही. पिशवीसुद्धा भरली होती. पण ते परत यायच्या आधी गेलो असतो तर उरलेलं सगळं आयुष्य मला काका जिवंत आहेत की नाहीत हेही कळलं नसतं.

ते परत आले तीन आठवड्यांनी. बारीक झालेले, गालफडं आत गेलेली, हातात गोळ्यांची पिशवी. काकूनं मला आत येऊ दिलं, पण चुलीपाशी नाही. दोन दिवस ती गुडघे धरत स्वतः रांधत होती. मी पाणी भरायचो, झाडायचो. कोणी जा म्हणालं नाही आणि कोणी राहा म्हणालं नाही.

तिसऱ्या दिवशी काकांनी ओसरीवर बोलावलं.

"डॉक्टरीनबाईनं सांगतलं मले," ते म्हणाले. "तू नसता बोलला त घरीच ओवा खात राह्यलो असतो, दवाखान्यात पोचलोच नसतो म्हने. तुयामुळं वाचलो."

मी मान खाली घातली. वाटलं, इथंच संपू दे.

"तेलाचा काकूले राग आहे. मले बी आहे. घाणेरडा आहेस तू. पण त्यानं मी मेलो नसतो." ते थांबले. "एक सांग. चतुर्थीले पुलावर दुखलं, तवाच तुले समजलं होतं का?"

खोटं बोलता आलं असतं. संशय आला होता, पक्कं नव्हतं, असं काहीतरी.

"हौ," मी म्हणालो.

"आन तरी पाजत राह्यला?"

"हौ."

काकांनी माझ्याकडं पाहिलं. मला उंबऱ्यावर पडलेलं त्यांनी पाहिलं तेव्हा मी ओकारीनं माखलेला होतो, तेव्हाही त्यांच्या डोळ्यांत अशी किळस नव्हती. "काहून?"

"तुमी पडले असते त खानावळ बंद झाली असती. मी कुठं गेलो असतो?"

काकांनी रस्त्याकडं तोंड फिरवलं. खाणीची पाळी सुटली होती, सायकली चालल्या होत्या. मग ते उठले. "डॉक्टरनं रोज चालाले सांगतलं. सपाटीवर, वीस मिनिटं. एकट्यानं भेव लागते. चाल संगं."

काकूला त्यांनी हे कधी सांगितलं नाही. का ते मला माहीत नाही. आठवड्यानं तिनं मला पुन्हा चुलीपाशी घेतलं आणि मी तिथंच आहे. हे उपकार गिळताना घशाला फार लागतात, पण गिळतो. दुसरं काही येत नाही.

आम्ही रोज चालतो. काका पुढं, मी दोन पावलं मागं. त्यांची चाल जराशी मंद झाली की मी एक पाऊल जवळ सरकतो. पहिल्या दिवशी मी दर विजेच्या खांबाला विचारत होतो, "काका, दुखते का? काका, बसता का?" चौथ्या की पाचव्या खांबाला ते वैतागले.

"दुखलं त मी तुले सांगीन ना बे. पण तू सांगशील का कोणाले?"

"हौ काका," मी म्हणालो. "सांगीन."

त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. चालत राहिले, आणि मी त्यांच्या पाठीकडं, श्वासाबरोबर वरखाली होणाऱ्या खांद्यांकडं बघत चालत राहिलो.